खिशातला फोन, कानातले इयरफोन आणि मधलं शरीर

सकाळी मैदानावर चालायला जाणाऱ्या अनेकांना हा अनुभव आला असेल. कानात ब्लूटूथचे इयरफोन, फोन पँटच्या मागच्या खिशात. चालता चालता गाणं मध्येच तुटतं, क्षणभर काहीच ऐकू येत नाही, मग पुन्हा सुरू होतं. फोन हातात घेतला किंवा शर्टाच्या वरच्या खिशात ठेवला की सगळं सुरळीत. घरी मात्र हाच फोन शेजारच्या खोलीत चार्जिंगला लावून तुम्ही स्वयंपाकघरात काम करत असलात तरी गाण्यात खंड पडत नाही. मधे अख्खी भिंत असताना पोचणारी लहर मोकळ्या मैदानात हात-दीड हातावर का अडखळते?

कारण मधे तुम्ही स्वतः आहात. ब्लूटूथच्या लहरी सेकंदाला सुमारे २४० कोटी वेळा हेलकावतात. या मापाला २.४ गिगाहर्ट्झ म्हणतात. कोरडी वीट, प्लायवूड, काच यांतून ही लहर थोडी दुबळी होऊन का होईना, पार होते. माणसाच्या धडातून होत नाही. घरात भिंती, छत, कपाटं यांच्यावर आपटत, वळसा घालून ती कानापर्यंत येते. मैदानात आपटायला फारसं काही नसतं. त्यामुळे शरीराची एक प्रकारची सावली पडते आणि इयरफोन नेमका त्या सावलीत सापडतो.

मग पार न झालेली लहर गेली कुठे? काही भाग शरीरावरून परतला, उरलेला शरीरात जिरला. यंत्र बनवणारा इंजिनिअर हिशेबात ज्याला तोटा म्हणतो, ती ऊर्जा आपल्या ऊतींच्या खात्यात जमा होते. आज मनगटावर घड्याळ, कानात इयरफोन, दंडावर साखर मोजणारा सेन्सर आणि काहींच्या छातीत पेसमेकर असतो. ही सगळी यंत्रं बिनतारी बोलतात. त्यांच्याबद्दल दोन वाक्यं सतत कानावर पडतात. एक, ‘या लहरींनी मेंदू शिजतो’. दुसरं, ‘यांनी काहीही होत नाही’. दोन्ही वाक्यांत आकडा नसतो. माझं म्हणणं असं की हा विषय आकड्यांशिवाय बोलण्यासारखाच नाही. किती ऊर्जा आली, कुठे जिरली आणि शरीराने ती किती वेगाने बाहेर काढली, एवढं कळलं की भीती कुठे धरायची आणि कुठे सोडायची हे ज्याचं त्याला ठरवता येतं.

लहर जिरते म्हणजे नेमकं काय होतं?

स्नायूंमध्ये जवळजवळ तीन चतुर्थांश पाणी असतं आणि ते पाणी खारट असतं. रेडिओलहर जिरण्याचं मूळ या दोन गोष्टींत आहे.

आधी पाणी घेऊ. पाण्याच्या रेणूचं एक टोक किंचित धन आणि दुसरं किंचित ऋण असतं. बाहेरून विद्युतक्षेत्र आलं की रेणू त्याच्या दिशेने वळू पाहतो. रेडिओलहर म्हणजे सतत दिशा बदलणारं विद्युतक्षेत्रच. दिशा बदलली की रेणूला उलट वळावं लागतं. पण रेणू एकटा नसतो. शेजारच्या रेणूंनी त्याला सगळीकडून धरलेलं असतं.

गर्दीच्या वेळची लोकल डोळ्यांसमोर आणा. डब्यात पाय ठेवायला जागा नाही आणि कोणीतरी हुकूम सोडतो: सगळ्यांनी दाराकडे तोंड करा; आता उलट फिरा. हुकूम तासाभराने एकदा आला तर लोक सावकाश वळतील, कोणाला कोपरही लागणार नाही. सेकंदाला शंभर वेळा आला तर कोणी जागचं हलणारच नाही. पण तो या दोन्हींच्या मधल्या वेगाने आला, तर वळायला सुरुवात करावी तोच उलटा हुकूम येईल आणि डब्यात धक्काबुक्की, घासाघीस माजेल. रेणूंच्या गर्दीतली ही घासाघीस म्हणजेच उष्णता. लहरीची शिस्तबद्ध ऊर्जा रेणूंच्या बेशिस्त हालचालीत विरघळते. डच-अमेरिकन शास्त्रज्ञ पीटर डिबाय यांनी अशा दोन टोकांच्या रेणूंचा सिद्धांत मांडला. रेणूंच्या रचनेवरच्या कामासाठी त्यांना १९३६ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

पाण्याच्या बाबतीत ही घासाघीस साधारण २० गिगाहर्ट्झच्या आसपास सर्वांत जास्त असते. ब्लूटूथ, वायफाय आणि मायक्रोवेव्ह ओव्हन हे तिघेही २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास काम करतात, म्हणजे त्या शिखराच्या बरेच खाली. ‘ओव्हनची वारंवारता पाण्याच्या रेणूशी जुळवलेली असते’ हा खूप पसरलेला समज चुकीचा आहे. तसं जुळवलं असतं तर बटाट्याची साल करपली असती आणि आतला भाग कच्चा राहिला असता. आंदोलनं कमी असल्यामुळेच लहर पदार्थात दोन-तीन सेंटिमीटर शिरू शकते.

आता खारटपणा. शरीरातल्या द्रवात सोडियम, पोटॅशियम, क्लोराइड यांचे विद्युतभारित कण, म्हणजे आयन, असतात. विद्युतक्षेत्र त्यांना पुढे-मागे खेचतं, ते आजूबाजूच्या पाण्याशी घासतात आणि तिथेही उष्णता तयार होते. कमी वारंवारतेला आयनांचं घासणं महत्त्वाचं असतं, जास्त वारंवारतेला पाण्याच्या रेणूंचं वळणं. २.४ गिगाहर्ट्झला दोघांचाही वाटा मोठा असतो. चरबीत पाणी कमी आणि क्षारही कमी, म्हणून चरबी लहरीला फारसं अडवत नाही. हाडाचंही बरंचसं तसंच. स्नायू, रक्त, मेंदू, डोळ्यातला द्रव या ओल्या, खाऱ्या जागा मात्र लहर चांगलीच शोषतात.

कोणती ऊती किती शोषते हे अंदाजाने सांगायची गरज नाही. लंडनच्या किंग्ज कॉलेजमधल्या कॅमेलिया गॅब्रिएल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक ऊतींचे विद्युत गुणधर्म मोजले आणि १९९६ मध्ये प्रसिद्ध केले. आजही शरीरावर बसवायच्या यंत्राचा अँटेना आखायचा असो की शोषण मोजायचं असो, गणित बहुधा त्याच तक्त्यांपासून सुरू होतं.

किती आत जाते?

हवेतून आलेली लहर ओल्या ऊतीवर पडली की पहिल्याच पायरीवर बरीचशी परतते. २.४ गिगाहर्ट्झची लहर समोरून थेट स्नायूवर आली असं धरलं तर निम्म्याहून अधिक शक्ती मागे फिरते. जी आत शिरते तिची तरंगलांबी आक्रसते. हवेत १२.५ सेंटिमीटर असलेली लहर स्नायूत जेमतेम पावणेदोन सेंटिमीटरची होते, कारण ओल्या ऊतीत ती सातपट संथ चालते.

मग झीज सुरू होते. स्नायूत दर ८ मिलिमीटरला, म्हणजे करंगळीच्या नखाच्या रुंदीएवढ्या अंतराला, तिची शक्ती निम्मी होते. पुढच्या ८ मिलिमीटरला पाव, त्यापुढे दोन आणे. धडाची जाडी २० सेंटिमीटर धरली आणि मधे सगळा स्नायूच आहे असं मानलं, तर निम्मं होण्याचं काम पंचवीस वेळा होतं. पंचवीस वेळा निम्मं केल्यावर मूळ शक्तीचा तीन कोटींतला एक भाग उरतो. मागच्या खिशातली लहर पोटातून पार होऊन कानाकडे जात नाही ती यामुळे. मैदानात जी काही थोडी लहर पोचते ती त्वचेच्या पृष्ठभागाला धरून, शरीराच्या कडेने सरपटत येते.

हा हिशेब लहर दुरून येते असं धरून केला. इयरफोन किंवा घड्याळ तर त्वचेला टेकलेलं असतं. अँटेनाच्या अगदी जवळ, २.४ गिगाहर्ट्झसाठी साधारण दोन सेंटिमीटरच्या आत, लहर अजून धड सुटी झालेली नसते. तिथलं विद्युत आणि चुंबकीय क्षेत्र ऊतीशी थेट जोडलं जातं आणि अंतर थोडं बदललं तरी शोषण खूप बदलतं. फोन कानाला घट्ट दाबणं आणि बोटभर दूर धरणं यांत पडणारा फरक त्यामुळे चांगलाच मोठा असतो.

---

चौकट : लहर किती अंतरात निम्मी होते?

४०० मेगाहर्ट्झ, स्नायूत : सुमारे १८ मिलिमीटर
२.४ गिगाहर्ट्झ, स्नायूत : सुमारे ८ मिलिमीटर
२.४ गिगाहर्ट्झ, चरबीत : सुमारे ४ सेंटिमीटर
२६ गिगाहर्ट्झ (५जीचा वरचा पट्टा), त्वचेत : अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही कमी

आंदोलनं जितकी जास्त, तितकी लहर उथळ. ५जीच्या वरच्या पट्ट्यातली लहर ‘जास्त ताकदीने आत घुसते’ ही समजूत वस्तुस्थितीच्या बरोबर उलटी आहे. ती त्वचेतच संपते.

---

एका किलोला किती वॅट?

जिरलेली ऊर्जा मोजण्याचं माप आहे विशिष्ट शोषण दर. इंग्रजी आद्याक्षरांवरून सगळे त्याला एसएआर म्हणतात. एक किलो ऊतीत सेकंदाला किती ज्यूल ऊर्जा जिरते, म्हणजेच किलोमागे किती वॅट, एवढाच त्याचा अर्थ.

भारतात १ सप्टेंबर २०१२ पासून मोबाइल हँडसेटसाठी किलोमागे १.६ वॅट ही कमाल मर्यादा आहे. ती एक ग्रॅम ऊतीच्या सरासरीवर मोजतात. त्याआधी आपल्याकडे १० ग्रॅमवर सरासरी काढून २ वॅटची मर्यादा होती, जी इक्निर्प या आंतरराष्ट्रीय आयोगाची आहे आणि युरोपात आजही चालते. एक ग्रॅमवर मोजणं जास्त कडक. १० ग्रॅमच्या सरासरीत एखादा तापलेला ठिपका लपून जाऊ शकतो, एक ग्रॅमच्या सरासरीत तसा लपत नाही. आपल्या दूरसंचार विभागाने अमेरिकेसारखी कडक पद्धत घेतली, हा निर्णय मला योग्य वाटतो.

या आकड्याचं मूळ प्राण्यांवरच्या प्रयोगांत आहे. उंदीर आणि माकडांना कळ दाबली की खाऊ मिळतो असं काम शिकवलेलं असे. त्यांच्यावर रेडिओलहरी सोडून त्या हळूहळू वाढवत नेल्या. एका पातळीनंतर प्राणी शिकवलेलं काम सोडून देत, सुस्तावत. ही पातळी संपूर्ण शरीराच्या सरासरीने किलोमागे ४ वॅटच्या आसपास निघाली. त्या वेळी शरीराचं तापमान साधारण एक अंशाने चढलेलं असे. मग या चारला दहाने भागून कामगारांसाठी ०.४ आणि पन्नासने भागून सर्वसामान्यांसाठी ०.०८ ही सबंध शरीराची मर्यादा ठरली. एखाद्या लहानशा जागी मात्र जास्त ऊर्जा चालू शकते, कारण रक्त ती लगेच वाहून नेतं. त्यातून १.६ आणि २ हे स्थानिक आकडे आले.

प्रत्यक्ष मोजणी प्रयोगशाळेत होते, आणि ती बघण्यासारखी असते. माणसाच्या डोक्याच्या आकाराचा पातळ प्लास्टिकचा साचा आडवा ठेवतात. त्यात पाणी, साखर, मीठ अशा घटकांचा द्रव भरतात. द्रवाचे विद्युत गुणधर्म मेंदूच्या ऊतीसारखे यावेत म्हणून प्रमाण काटेकोर ठेवतात. फोन साच्याच्या गालाला टेकवून, मग थोडा तिरका करून, पूर्ण शक्तीवर चालू ठेवतात. वरून यांत्रिक हात एक बारीक शलाका द्रवात बुडवतो आणि मिलिमीटर-मिलिमीटरने फिरवत विद्युतक्षेत्र टिपत जातो. त्या नोंदींतून एक ग्रॅमवरची सर्वांत मोठी सरासरी निघाली की तीच फोनची एसएआर.

या पद्धतीत दोन त्रुटी आहेत आणि त्या वाचकाला ठाऊक असायला हव्यात. साच्याची मापं अमेरिकी सैनिकांच्या डोक्यांच्या मोजणीतून घेतली आहेत, आणि तीही मोठ्या डोक्यांची; लहान मुलाचं डोकं वेगळ्या आकाराचं असतं. दुसरी त्रुटी अशी की धडाजवळची चाचणी फोन शरीरापासून काही मिलिमीटर दूर धरून करतात, पण घट्ट जीन्सच्या खिशात ते अंतर उरत नाही. दुसऱ्या बाजूला, चाचणीत फोन पूर्ण शक्तीवर असतो आणि रोजच्या वापरात बहुतेक वेळ त्याच्या अगदी थोड्या अंशावर चालतो. टॉवर जवळ असला की फोन हळू बोलतो. लिफ्टमध्ये, तळघरात, घाटातल्या बोगद्याजवळ एकच दांडी दिसत असेल तेव्हा तो जोर लावतो.

उष्णता जाते कुठे?

किलोमागे १.६ वॅट ही कमाल पातळी धरून गणित करू. ऊतीचा एक किलो एक अंशाने तापवायला साधारण ३,५०० ज्यूल लागतात. रक्त थांबलेलं असेल आणि उष्णता कुठेच गेली नाही असं समजलं, तर एक अंश चढायला छत्तीस मिनिटं लागतील. पण रक्त थांबलेलं नसतं. मेंदूतून मिनिटाला सुमारे पाऊण लिटर रक्त वाहतं. अमेरिकेत हॅरी पेन्स यांनी माणसाच्या पुढच्या हातात, त्वचेपासून आतपर्यंत तापमानं मोजली आणि रक्त उष्णता कशी वाहून नेतं याचं समीकरण १९४८ मध्ये मांडलं. आजची गणितं अजूनही त्यावरच चालतात. ती मांडली की मर्यादेच्या पातळीलाही मेंदूचं तापमान एक दशांश अंशाच्या आसपासच चढतं असं दिसतं. दुपारच्या उन्हात चार पावलं भरभर चाललं तरी याहून मोठे चढउतार शरीर सहज सांभाळतं.

इथे एक तुलना डोळे उघडणारी आहे. मेंदू स्वतःच सुमारे २० वॅट उष्णता तयार करतो, आणि त्याचं वजन जेमतेम १.४ किलो. म्हणजे तो किलोमागे चौदा वॅट आपलं आपणच निर्माण करत असतो आणि रक्त ते सगळं निमूटपणे बाहेर नेत असतं.

आता इयरफोन. ब्लूटूथचे छोटे इयरफोन साधारण एक ते दहा मिलिवॅट शक्तीने बोलतात आणि तेही तुटक तुटक, सलग नाही. एक मिलिवॅटचा इयरफोन घेऊ आणि सर्वांत वाईट गोष्ट धरू: त्याची सगळीच्या सगळी ऊर्जा कानाजवळच्या फक्त एका ग्रॅम ऊतीत जिरली. तरी किलोमागे एक वॅट होतो, मर्यादेच्या आतच. प्रत्यक्षात ती ऊर्जा कितीतरी ग्रॅममध्ये पसरते आणि बरीच हवेत निघून जाते. फोन मात्र जोर लावतो तेव्हा २०० मिलिवॅटपर्यंत जाऊ शकतो. जुन्या २जी फोनची कमाल सरासरी २५० मिलिवॅटपर्यंत असे. म्हणून लांबलचक बोलायचं असेल तर फोन कानाला लावण्यापेक्षा इयरफोन वापरणं हे डोक्यात जिरणाऱ्या ऊर्जेच्या दृष्टीने सरळसरळ फायद्याचं आहे. ओव्हनशी तुलना करायची झाली तर ८०० वॅटचा ओव्हन त्या इयरफोनच्या आठ लाखपट शक्तीचा, आणि तो ती सगळी ऊर्जा बंद डब्यात कोंडून वापरतो.

तासभर बोलल्यावर कान गरम होतो तो मुख्यतः बॅटरी आणि आतल्या चिप्स तापल्यामुळे, आणि फोनने झाकलेल्या त्वचेला हवा न मिळाल्यामुळे. रेडिओलहरीचा त्यातला वाटा किरकोळ असतो.

रक्त हाच शरीराचा थंडावा, तर जिथे रक्त पोचत नाही तिथे काळजी जास्त. डोळ्याच्या भिंगात रक्तवाहिन्याच नसतात. वृषणांना शरीरापेक्षा थंड तापमान लागतं. उच्च पातळीच्या लहरींनी सशांच्या डोळ्यात मोतीबिंदू झाल्याचे प्रयोग जुने आहेत. ती पातळी मात्र किलोमागे शंभर वॅटच्या वरची होती.

शरीराच्या आतून बोलणारी यंत्रं

लहर ऊतीत जिरते हे पेसमेकर बनवणाऱ्यांसाठी रोजचं दुखणं आहे. यंत्र छातीत, अँटेना छातीत, आणि संदेश बाहेर टेबलावरच्या उपकरणाला पोचवायचा. बॅटरी मात्र वर्षानुवर्षं पुरली पाहिजे. २.४ गिगाहर्ट्झची लहर दर ८ मिलिमीटरला निम्मी होत असेल तर संदेशाचा बराचसा भाग वाटेतच संपणार. म्हणून अमेरिकेने १९९९ मध्ये शरीरात बसवलेल्या यंत्रांसाठी ४०२ ते ४०५ मेगाहर्ट्झ हा पट्टा राखून ठेवला. इथे लहर स्नायूत दुपटीहून जास्त खोल जाते. परवानगी असलेली शक्ती फक्त २५ मायक्रोवॅट, म्हणजे इयरफोनच्या एका मिलिवॅटचा चाळिसावा भाग. गिळायचा कॅमेरा, ज्याला कॅप्सूल एंडोस्कोपी म्हणतात, अमेरिकेत २००१ साली वापरात आला. तोही ४३० मेगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरीवर आतड्यांची चित्रं पोटावर बांधलेल्या पट्ट्याला पाठवत जातो.

श्रवणयंत्रांची गोष्ट मला सर्वांत आवडते. दोन कानांतली दोन यंत्रं एकमेकांशी बोलली तर आवाजाची दिशा नीट कळते. पण मधे डोकं आहे, म्हणजे मैदानातल्या इयरफोनचीच अडचण. अनेक कंपन्यांनी त्यासाठी लहर सोडून चुंबकत्व धरलं. १० मेगाहर्ट्झच्या आसपासचं चुंबकीय क्षेत्र एका कानातली तारेची गुंडाळी तयार करते आणि दुसऱ्या कानातली गुंडाळी ते टिपते. आपल्या ऊती चुंबकीय नसल्याने हे क्षेत्र डोक्यातून जवळजवळ न अडता जातं. अंतर वाढलं की ते झपाट्याने क्षीण होतं, पण दोन कानांमध्ये अंतर असतं ते वीतभरच. दंडावरच्या काही साखर-सेन्सरना फोन टेकवून आकडा वाचतात, तिथेही १३.५६ मेगाहर्ट्झवर हेच तत्त्व चालतं.

कर्करोगाचं काय?

क्ष-किरण पेशीतल्या रेणूंचे बंध तोडू शकतात, कारण त्यांच्या ऊर्जेचा प्रत्येक पुडका मोठा असतो. अणूतून इलेक्ट्रॉन उडवायला साधारण दहा इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात. ब्लूटूथ-लहरीचा एक पुडका याच्या दहा लाखाव्या भागाएवढा असतो. शरीराच्या नेहमीच्या तापमानाला रेणूंची जी धडपड चालू असते, तिच्यापेक्षाही तो अडीच हजारपट लहान. कितीही पुडके आले तरी ते ऊब देतात, बंध तोडत नाहीत.

म्हणून शंका संपल्या असं कोणी म्हटलेलं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने मे २०११ मध्ये रेडिओलहरींना ‘कदाचित कर्करोगकारक’ या २बी गटात टाकलं. त्या गटाचा अर्थ पुरावा मर्यादित आहे, इतकाच. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या एका सरकारी प्रकल्पात नर उंदरांच्या हृदयात गाठी दिसल्या. त्यांना दिवसाला नऊ तास, दोन वर्षं, संपूर्ण शरीरावर किलोमागे ६ वॅटपर्यंत लहरी दिल्या होत्या. हे आपल्यासाठीच्या मर्यादेच्या पंचाहत्तरपट. २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेच करवून घेतलेल्या, माणसांवरच्या अनेक अभ्यासांच्या आढाव्यात मोबाइल वापर आणि मेंदूचा कर्करोग यांचा संबंध आढळला नाही. माझ्या दृष्टीने आजचा कौल स्पष्ट आहे: अंगावरच्या छोट्या यंत्रांच्या पातळीला घाबरण्यासारखं काही दिसलेलं नाही, आणि मोजणी चालू राहिली पाहिजे.

जिथे खरंच ऊब देतात

फिजिओथेरपिस्टकडे पाठीला किंवा खांद्याला ‘डायथर्मीचा शेक’ घेतला असेल तर तुम्ही रेडिओलहरी मुद्दाम जिरवून घेतल्या आहेत. शॉर्टवेव्ह डायथर्मी २७.१२ मेगाहर्ट्झवर चालते आणि तिथे शक्ती दहा-वीस मिलिवॅट नसते, दहा-दहा वॅटांच्या पटीत असते. स्नायूत खोल ऊब पोचावी हाच हेतू. शरीरात धातूची तार किंवा पेसमेकर असेल तर हीच ऊर्जा तारेच्या टोकाशी एकवटून आतली ऊती भाजू शकते.

एमआरआयचंही तसंच. दीड टेस्लाचं यंत्र ६४ मेगाहर्ट्झच्या रेडिओलहरी सोडतं. नेहमीच्या तपासणीत सबंध शरीरासाठी किलोमागे २ वॅटपर्यंत मुभा असते, म्हणजे सर्वसामान्यांच्या मर्यादेच्या पंचवीसपट. ती डॉक्टरांच्या देखरेखीत आणि थोडा वेळच असते, म्हणून चालते. तपासणीआधी तंत्रज्ञ वजन विचारतो ते याच हिशेबासाठी; ते यंत्रात भरल्यावरच यंत्र किती शक्ती सोडायची हे ठरवतं. हात एकमेकांत गुंफू नका असं तो सांगतो आणि मांड्यांच्या मधे उशी ठेवतो, कारण त्वचेला त्वचा टेकली की विद्युतप्रवाहाला गोल वाट मिळते आणि त्या टेकलेल्या जागी चटका बसू शकतो.

तेव्हा इयरफोनची धास्ती घेण्याऐवजी ही काळजी घ्या. एमआरआयच्या वेळी वजन अंदाजे सांगू नका, करून सांगा. दंडावरचा सेन्सर, औषधाचा चिकटपट्टा, जरीचे किंवा चंदेरी धाग्याचे कपडे यांबद्दल तंत्रज्ञाला आधी विचारा. पेसमेकर असेल तर डायथर्मी घेण्यापूर्वी सांगा, आणि चुंबक असलेले नवे फोन व घड्याळं त्यापासून १५ सेंटिमीटर लांब ठेवा. आपल्या फोनची एसएआर बघायची असेल तर फोनवर स्टार, हॅश, शून्य, सात, हॅश दाबा. आकडा लगेच पडद्यावर येतो.